दोन घंटे लवकर

कोहमाऱ्याहून मी आणि शेजारचे काका, दोघंही गोंदियाची आठची बस धरतो. मी पावणेआठला पोचायचो, ते सहालाच. बस चुकेल या धास्तीने ते चारदा लघवीला जायचे आणि लाल ट्रक दिसला तरी हात दाखवायचे. शेवटी डॉक्टरांनी दम दिला, ‘ही सवय मोडा. स्टॉपवर पाचच मिनिटं आधी जायचं.’

दुसऱ्या दिवशी ते स्टॉपवर नव्हतेच. समोरच्या ढाब्यावर घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. सहापासून.

‘इथं काऊन बसले जी?’ मी विचारलं.

‘आता उशिरा जाऊन राहिलो ना भाऊ! उशिरा जायले उशीर नाही झाला पायजे.’

मी पोट धरून हसलो, आणि हळूहळू मीही तिथे चहाला लवकर जाऊ लागलो. परवा धानाच्या रोवणीच्या गप्पा रंगल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत बस निघून गेली. आता हे कोसळतात, म्हणून मी घाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

ते बसच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

‘दुसरी बस दहाची आहे. तिच्यासाठी तं आपण दोन घंटे लवकर आलो!’