दीड दिवसांचा गणपती

“तुमचं मूळ आडनाव काय हो?”

माझ्या मॅनेजरच्या बायकोने, वहिनींनी, हे विचारलं तेव्हा आम्ही फुटपाथमध्ये बसवलेल्या चार पितळी पाट्यांभोवती उभे होतो. नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं एक छोटं गाव. आमच्या मराठी मंडळाची रविवारची सहल. युद्धात त्या घरातलं ज्यू कुटुंब पकडून नेलं, मारलं. आता दारासमोर त्यांची नावं. वहिनींनी ती मोठ्याने वाचली, डोळे पुसले. म्हणाल्या, “नुसत्या नावावरून माणसं वेचली हो!” आणि पाच मिनिटांत माझ्याकडे वळल्या.

चूक माझीच. गणपती चार दिवसांवर आला होता. कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे किती दिवसांचा? सहा वर्षं देते तेच उत्तर दिलं. दीड दिवसांचा.

“आणि गौरी?”

“त्याही त्याच्याबरोबरच जातात,” मी म्हणाले.

वहिनी हसल्या. “अहो, गौरी यायच्या आत तुमचा गणपती गेलेला असतो!” सगळे हसले. हसू थांबलं आणि तो प्रश्न आला.

आमच्या घरी गणपती कधी बसलाच नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आल्यागेल्याला जयभीम. पुण्यात मला भाड्याची खोली मिळेना म्हणून बाबांनी गॅझेटमध्ये आडनाव बदललं. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलं. कात्रण माझ्या हातात देत म्हणाले, “आता तुला कुणी विचारणार नाही.” बाबा, विचारतात. इथेही विचारतात.

“हेच मूळ आहे,” मी म्हणाले.

“असं होय,” वहिनी म्हणाल्या. झालं. त्यांना कळायचं ते कळलं होतं.

परतताना मी त्यांच्याच गाडीत, मागच्या सीटवर. आम्ही राहतो त्या नीउ-व्हेनेपपर्यंत दोन तासांचा रस्ता. मॅनेजर गाडी चालवत होता. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची, ती त्याच्या सहीने. नोकरी गेली तर इथे राहायचा परवानाही जाणार. ऑफिस त्याचं, मंडळ त्याचं, गाडी त्याची. मी काचेबाहेर बघत बसले. लाज वाटत होती. त्यांची नाही, माझी.

वहिनी मागे न वळता म्हणाल्या, “यंदा मोदक वळायला आम्ही पुरेशा आहोत हं. तुम्ही आपल्या आरतीला या.”

पाच गणपती मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून मोदक वळले होते. माझ्या पाकळ्या सगळ्यांत सुबक, असं त्याच सांगत.

मॅनेजर हळूच म्हणाला, “अगं, आमच्या टीममध्ये असलं काही नसतं. आणि हिच्याकडे बघून तसं वाटतही नाही.”

त्याला वाटलं, त्याने मला सावरून घेतलं.

माझ्या डोक्यात आग लागली. त्या चौघांचं दुःख फार मोठं, ते मी माझं म्हणणार नाही. पण त्यांची नावं कुणीतरी शोधून परत त्यांच्या दारात आणून ठेवली. मी मात्र माझं नाव जिवंतपणी, स्वतःच्या हाताने पुसत बसले होते. कशासाठी? मोदक वळायला मिळावेत म्हणून?

“वहिनी,” मी म्हणाले, “आमच्याकडे गणपती बसत नाही. कधीच बसला नाही. सहा वर्षं मी खोटं बोलले.” मग आडनाव सांगितलं. बाबांचं, जुनं. सावकाश. पुन्हा विचारावं लागू नये असं.

नेव्हिगेशनमधली बाई तेवढी वळणं सांगत राहिली. गाडी भरधाव. उतरायला जागा नव्हती.

अजूनही नाही. माझ्या नोकरीचा कागद मॅनेजरच्या टेबलावर पडलाय. तो रोज ‘हाय’ म्हणतो, सहीचं काढत नाही. पूर्वी ऑफिसात बाबांचा फोन आला की त्यांच्या जयभीमला मी नुसतं ‘हां’ म्हणायचे. काल कॅन्टीनमध्ये, त्याच्यासमोर, मोठ्याने जयभीम म्हणाले. सही अजून बाकी होती. तरी म्हणाले.

घराच्या दारावर नवी पाटी लावलीय. तिच्यावर जुनं आडनाव. सही होवो न होवो, पाटी उतरणार नाही. ज्याला माझं मूळ हवंय, त्याने माझ्या दारात यावं आणि वाचावं.