मुकुट नव्हे, मुसकी

बीडच्या आमच्या लहानशा संग्रहालयात मी वस्तूंची नोंदवही सांभाळत होते. पुण्याहून एक तज्ज्ञ आले आणि त्यांनी आमच्या अज्ञानावर दोन तास व्याख्यान दिलं. आता म्हणे प्रत्येक वस्तूला इंटरनेटवर कायमची ओळख मिळणार आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या तशाच वस्तूंशी ती जोडली जाणार. कल्पना चांगलीच होती. पण ती राबवणाऱ्यांनी उभ्या जन्मात गोठा पाहिला नव्हता.

बाहेरच्या बाजूने खिळे आलेलं एक लोखंडी कडं आमच्याकडे होतं. तज्ज्ञांनी ते फिरवून पाहिलं आणि संगणकातल्या ठरावीक यादीतला शब्द निवडला: ‘देवीचा मुकुट’. मी मुकाट्याने सही केली.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी जवळच्या पाली गावच्या, गुरं राखणाऱ्या घरातल्या. संगणकाच्या पडद्यावरचा फोटो बघून त्या थबकल्या.

“ताई, ह्येला मुकुट कावून म्हनलंय? वासराची मुसकी हाय ही. तोंडाला बांधायची. वासरू प्यायला गेलं की खिळं टोचत्यात, गाय लाथ हाणती. मंग वासराचं दूध तुटतंय.”

मी तज्ज्ञांना सांगितलं. ते हसले. “झाडणाऱ्या बाईंना विचारून नोंदी करायच्या का आता?”

या इंटरनेटवरच्या नोंदींच्या उद्घाटनाला एक पुढारी आले. फोटोसाठी कुणाला तरी सुचलं आणि तो ‘मुकुट’ या पुढारीसाहेबांच्या टाळूवर कसाबसा टेकवला गेला. टाळ्या पडल्या. मावशी पदर तोंडात कोंबून खांबामागे हसत होत्या. मला मात्र हसू येईना. सही माझीच होती.

महिन्याभरात परदेशातल्या एका संग्रहालयातून पत्र आलं. असंच कडं त्यांच्याकडेही होतं, ‘उपयोग अज्ञात’ अशा नोंदीसह. आमच्या नोंदीशी जोडलं गेल्यावर त्यांनी साधा प्रश्न केला होता: मुकुट कशावरून?

मी कुणालाच न विचारता मावशींबरोबर पालीला गेले. त्यांनी भावाच्या गोठ्यात वासराला मुसकी बांधून दाखवली आणि गायीने लाथही हाणली. ते मी मोबाइलवर टिपलं, मावशींचं बोलणं उतरवून काढलं आणि पाठवलं. आठ दिवसांत तिकडची नोंद बदलली. खाली माहिती देणाऱ्या म्हणून मावशींचं नाव होतं. मी त्यांना ते वाचून दाखवलं.

“गावाचं नाव बी टाकलंय का?” त्यांनी विचारलं. टाकलं होतं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग मी माझी चूक कबूल करून आमच्याकडची नोंद बदलण्याचा अर्ज दिला. संग्रहालयाच्या समितीने माहिती देणाऱ्या व्यक्तीची शैक्षणिक पात्रता मागितली. मी लिहिलं, “जन्मभर गुरं सांभाळली.” पुरावा जोडला नाही म्हणून अर्ज परत आला. साहेबांचा तो फोटो कार्यालयात चौकट करून लावलाय, आणि त्याखालून जाताना समितीतला एकही माणूस वर बघत नाही.