पाचची ड्यूटी

माझ्या बाबांना भेटायला येणारे लोक फळं घेऊन येत, आणि त्यातलं जवळजवळ काहीच त्यांना चालत नसे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला केळी-संत्री आणू नका, हे मी दारात उभी राहून शंभरदा सांगितलं असेल. लोक मान डोलवत आणि पुढच्या खेपेला डझनभर केळी आणत. माझं डोकं फिरायचं. बाबा मात्र हसून पिशवी घेत आणि जिन्यात भेटेल त्याला वाटून टाकत.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा त्यांचं डायलिसिस असे. त्यासाठी डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रिया करून जोडल्या होत्या. त्या हाताला घड्याळ नाही, ओझं नाही, ओरखडा तर मुळीच नाही. आणि घरात होता बोका.

बोक्याचं नाव तपासनीस, कारण दारात आलेल्या प्रत्येकाची पिशवी तो हुंगून बघायचा. बाबांनी एकतीस वर्षं बस डेपोत ड्यूट्या लावल्या. कोणत्या बसवर कोण, कोण रजेवर, त्याच्या बदली कोण, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर आई गेली आणि हा बोका तेवढा सोबतीला उरला. गेल्या वर्षी त्याचीही मूत्रपिंडं बिघडली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज मानेमागच्या सैल कातडीखाली सलाइन द्यायचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने सुई लावायची.

"माझ्यातलं पाणी काढतात, याच्यात घालतात," बाबा म्हणाले. "आम्हा दोघांना एक नळी जोडली असती तर काम झालं असतं."

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि त्याच्या घरासमोरच डायलिसिस केंद्र आहे. बोक्याने त्या हाताला ओरखडलं तर केवढ्याला पडेल, असं त्याने फोनवर सुनावलं. बोक्याची कुठेतरी सोय लावा आणि माझ्याकडे या. त्याचं चुकत होतं असंही नाही. मला नोकरीमुळे शनिवार-रविवारच जमायचं, त्यामुळे मी कोणत्या तोंडाने बोलणार? शेवटी बाबांनी महिन्याची मुदत मागून घेतली. महिनाभरात बोक्याच्या सलाइनचा एक जरी दिवस चुकला, तर घराला कुलूप लावून ते दादाबरोबर जाणार. ते घर सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता लागला. यापुढे भेटायचं तर ठरल्या वारी, संध्याकाळी पाचला, रिकाम्या हाताने आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत. धरायचं काम येणाऱ्याचं, सुई बाबा उजव्या हाताने लावणार. शेजारचे शिंपीकाका लगेच तयार झाले. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, मांजर दिसलं की खुर्चीवर पाय घेऊन बसायची. तिचंही नाव तक्त्यावर होतं.

"अरे, मला नाही जमायचं," ती म्हणाली.

"नवीन चालक असंच म्हणतो. बुधवारी पाचला ये."

आत्या ओव्हनमधली भांडी काढायचे जाड हातमोजे घालून आली. पहिल्या दिवशी बोका निसटला, बाटली कलंडली आणि आत्या रडकुंडीला आली. चौथ्या बुधवारपर्यंत ती बोक्याला दम द्यायला लागली होती. बाबा रोज तक्त्यावर खूण करत, आणि तीन मिनिटं उशीर झाला तर तेही लिहीत. शिंपीकाका दोनदा रुसले.

मग एका शनिवारी डायलिसिस चालू असतानाच बाबांचा रक्तदाब कोसळला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. मी उशाशी बसले होते. साडेचारला त्यांनी विचारलं, किती वाजले? शनिवारी बोक्याला मी धरायची आणि सुई ते लावायचे, आणि आम्ही दोघंही इथे. बोका गेला खड्ड्यात, असं मी चांगलीच चिडून म्हणाले.

"बदली लावलीय," बाबा म्हणाले. आवाज जेमतेम फुटत होता. "तू फक्त बघून ये."

मी गेले. दार उघडंच होतं, शिंपीकाकांकडे आमची एक किल्ली असे. आत्या जमिनीवर बसली होती, बोका तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला. शिंपीकाका सुई लावत होते. बाबांनी दुपारी नर्सच्या फोनवरून दोघांना कळवलं होतं. काम झाल्यावर आत्याने तक्त्यावर खूण केली. मला भरून आलं. झोपल्या जागेवरून माझ्या बापाने हे चालवलं होतं! असा अभिमान मला माझ्या कुठल्याही बढतीचा वाटलेला नाही.

मुदत संपली आणि दादा आला. तक्त्यातला एकही रकाना रिकामा नव्हता. त्याने बोट ठेवून एकेक खूण मोजली.

पण त्याच आठवड्यात तपासनीसाने खाणं सोडलं. मी रजा काढून आले. डॉक्टर म्हणाले, आता सुया नकोत. बुधवारी सकाळी बाबांच्या मांडीवरच त्याने प्राण सोडला. बाबा आमच्यासमोर रडले, लपवलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तक्ता काढला.

"बाबा, आता चला," दादा हळू आवाजात म्हणाला. "आता इथे कोण आहे तुमचं?"

महिना पाळून दाखवला होता, तरी बाबांनी होकाराची मान हलवली. दादाने रविवारची तिकिटं काढली आणि त्यांची बॅग भरायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मला बाबा हरलेले दिसले आणि मला ते सहन होईना.

पाचला बेल वाजली. दारात आत्या होती.

"आज काम नाही," बाबा म्हणाले. "सकाळी कळवलं होतं ना?"

"आज बुधवार आहे. माझा वार," आत्या म्हणाली आणि आत येऊन बसली. "पाणी किती प्यायलास आज? मोजून सांग. आणि हात बघू."

गुरुवारी पाचला शिंपीकाका आले, ते डायलिसिसनंतर घशाखाली काय गेलं ते विचारून, हातावरची पट्टी तपासून गेले. शुक्रवारी आज कोणाचा वार यावरून दोघंही भांडत आले. बाबांनी त्यांना थांबवलं आणि कागद मागवून पट्टीने रेघा मारायला घेतल्या.

दोघं गेल्यावर दादाने मला विचारलं, "यांना यायला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. मान ताठ होती माझी.

दादा आतल्या खोलीत गेला. बॅगेतून बाबांचे शर्ट काढून त्याने एकेक करून कपाटात ठेवले, सगळे चुकीच्या कप्प्यात. बाबा दारातून बघत होते. एरवी त्यांनी तिथल्या तिथे चूक दाखवली असती. त्या दिवशी त्यांनी शर्ट तसेच राहू दिले.