पुढचा एक्सल, मग मागचाही

आमच्या पिकअपचा पुढचा एक्सल वाकला तो पावस गावाच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, ऐन आंब्याच्या हंगामात, आणि तोही रिकाम्या गाडीला. भरलेली असती तर निदान ओझ्याला शिव्या देता आल्या असत्या. कातळातल्या खड्ड्यात चाक आदळलं, खाडकन आवाज झाला आणि पुढची दोन्ही चाकं फेंगडी झाली. मागच्या चाकांच्या जोरावर रखडत रखडत आमच्या ह्यांनी ती कशीबशी घरी आणली, अंगणात उभी केली आणि काही न बोलता पायरीवर बसले. त्यांचं ते न बोलणं मला कधीच सोसलं नाही. माणसानं ओरडावं, आदळआपट करावी, म्हणजे काय ते कळतं तरी!

आमचे हे बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला. लग्न होऊन वर्षं लोटली, पण नवरा म्हणून वाट्याला आला तो सुट्टीपुरता. त्या खेपेला मात्र आले ते राहिलेच. साठवलेल्या पैशातून जुनी चारी चाकांना जोर असलेली पिकअप घेतली आणि सड्यावरच्या बागांतून आंब्याच्या पेट्या खाली आणायला लागले. तिथल्या वाटेवर साधा टेंपो चढायचा नाही. मुलगी आत्ता कुठे त्यांना न लाजता 'बाबा' म्हणायला लागली होती. मी मनातल्या मनात धरून चालले होते, की आता हे काही परत जात नाहीत.

आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. सोमवारी मुंबईत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. इकडे बागवाल्यानं बजावलं, की रविवारी सकाळी गाडी वर आली तर उरलेल्या हंगामाचं काम तुमचं, नाही आली तर तो दुसरी गाडी बघणार. म्हणजे सगळं त्या वाकलेल्या लोखंडावर येऊन ठेपलं.

"गाडी चढली की तुम्ही राहणार," मी म्हटलं.

"बघू," ते म्हणाले.

"बघू काय बघू? जळ्ळं मेलं ते तुमचं बघू!"

मिरकरवाड्याच्या बंदरात एका बर्फवाल्याची तसलीच पिकअप इंजिन निकामी होऊन पडून होती. बर्फाच्या लाद्या वाहून वाहून तिला खाऱ्या पाण्यानं पार खाल्लं होतं. तिचा एक्सल आमच्या गाडीला घालायचा म्हणून ती ह्यांनी मिळवली आणि गुरुवारी ट्रकला बांधून ओढत आणली. अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एक भंगार कमी होतं होय?" मेकॅनिक कोणी यायला तयार नव्हता, हंगामात सगळे गुंतलेले. वाडीतले कर्ते पुरुष मुंबईला. मग राहिलं कोण? मी. पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, पण चहा मात्र वेळेवर आणून दिला.

त्या मेल्या गाडीचे नट गंजून एकजीव झालेले. पाना लावला की पानाच घसरायचा. होडीला चोपडायला आणलेलं मुशी माशाचं तेल पडवीत होतं, ते ह्यांनी नटांवर ओतलं आणि मुरू दिलं. नट सैल होऊन एक्सल निघाला खरा, पण वाडीतली झाडून सगळी मांजरं अंगणात जमली. एकेकाला हुसकावत आम्ही काम करत होतो. हसायची वेळ नव्हती, तरी आम्ही दोघंही हसलो. तेवढंच हसलो त्या दिवसांत.

शुक्रवारी आमच्या गाडीचा एक्सल काढायला घेतला. जॅक एकच, म्हणून गाडी उचलून तिच्या सांगाड्याखाली दोन्ही बाजूंना चिऱ्यांची थप्पी रचली. न्हाणीघरासाठी खाणीतून नुकतेच आणलेले जांभ्याचे चिरे अंगणात होतेच. आता खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, ऊनवारा खाऊन मग टणक होतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. पण आम्हांला चिरा म्हणजे चिरा, घर ज्याच्यावर उभं राहतं तो! त्यावर गाडी का नाही राहणार? घाईत हात लावूनसुद्धा बघितला नाही.

हे खाली उताणे पडून शेवटच्या बोल्टवर घण घालत होते. मी बाहेर पाने देत होते. प्रत्येक घावाबरोबर थप्पीतून तांबडी भुकटी गळायला लागली. आधी वाटलं गंज पडतोय. मग कर्र असा बारीक आवाज आला.

"बाहेर या!"

"थांब गो, एकच राहिलाय."

"बाहेर या म्हणते ना!"

परत घणाचा आवाज. मी पाने टाकले, त्यांचे दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन ओढलं. पाठ सोलवटली त्यांची. ते छातीपर्यंत बाहेर आले नि मधला चिरा फुटला. गाडी एका अंगावर कलंडली. मी परत ओढलं. ते पुरते बाहेर आले तोवर सांगाडा जमिनीला टेकला होता, जिथे त्यांचं डोकं होतं तिथेच.

मग तोंड सुटलं माझं. "समुद्रात मेलात तर लोक माझं नशीब म्हणतील, अंगणात मेलात तर काय म्हणतील? बायकोनं चिरे रचले म्हणतील!" असं काहीबाही ओरडत मी त्यांच्या छातीवर ग्रीसच्या हातांनी धपाटे घालत होते, आणि ते धूळ झटकत एवढंच म्हणाले, "फणसाचे ओंडके आण." ओंडक्यांवर गाडी ठेवली आणि काम पुढे सुरू केलं.

उन्हं कलायच्या आत बर्फवाल्याच्या गाडीचा एक्सल आमच्या गाडीखाली बसला. चाकं सरळ झाली. मी देवाला दिवा लावून आले. हे गाडी रस्त्यावर घेऊन गेले, ती सुरळीत चालली. मग चारी चाकांना जोर देणारी दांडी टाकली आणि गाडी गुरगुरायला लागली. दांडी परत निघेना. टायर डांबरावर घसटत होते. ह्यांचा चेहरा उतरला.

घरी आणून पुढचं एक आणि मागचं एक चाक उचललं, तेव्हा कुठे दांडी सुटली. ह्यांनी इंजिनाकडून पुढच्या-मागच्या एक्सलला जाणाऱ्या दांड्यांवर खडूची खूण केली आणि मला एकेक चाक सावकाश फिरवायला सांगितलं. चाकाच्या एका फेरीत पुढचा दांडा जेवढे फेरे घेत होता, तेवढे मागचा घेत नव्हता. गाड्या एकाच जातीच्या, पण आतल्या दात्यांचा हिशेब वेगळा. पुढची चाकं एका चालीनं ओढणार, मागची दुसऱ्या. चढणीवर भरली गाडी घातली असती तर आतलं काहीतरी तुटलंच असतं.

"बोटीला एकच दांडा, एकच शाफ्ट असतो," ते म्हणाले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि पायरीवर जाऊन बसले. मला ती पायरी खणून काढावीशी वाटली.

"त्या गाडीला मागचा एक्सल आहे ना?"

"आहे."

"त्याचे दाते ह्याच्याशी जुळतात?"

"त्याच गाडीचा आहे. जुळणारच."

"मग मागचाही काढू. दोन्ही तिचे घालू. उठा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, दमलेत.

शनिवारी मागचा एक्सल काढला. त्या दिवशी प्रत्येक नट ते मलाच सैल करायला लावत होते, मलाच आवळायला लावत होते. "जोर मनगटानं नको, खांद्यानं लाव." "हे तेल किती भरायचं ते बोट घालून बघ." मी वैतागले. म्हटलं, हात आहेत ना तुम्हांला? पण केलं सगळं. रविवारपर्यंत गाडी उभी करायची होती, मग कोणाच्या का हातानं होईना.

रविवारी सकाळी सड्याची वाट धरली. मी शेजारी बसले होते, मुठी आवळून. तो खड्डा आला. मागचं चाक भिरभिर फिरायला लागलं, खडी उडाली, गाडी मागे सरकल्यासारखी झाली. मी डोळे मिटले. मग पुढच्या चाकांनी कातळ धरला आणि गाडी हळूहळू वर चढली. वर पोचल्यावर मी बागेतल्या माणसांदेखत ह्यांचा हात धरला. म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू देत लोक.

पेट्या भरल्या, पेंढा लावला, दोर आवळले. मी माझ्या बाजूनं चढायला गेले तर हे तिथे आधीच बसलेले.

"चल, उतरव," म्हणाले.

गाडी मला थोडीफार चालवता यायची. ओहोटीला आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूवर त्यांनीच गंमत म्हणून शिकवली होती. पण हा उतार, त्यात भरलेली गाडी!

"वेड लागलंय का तुम्हांला?"

"उद्यापासून तुलाच आणायची आहे."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्यांची पिशवीसुद्धा भरून झाली असणार, हेही त्याच वेळी कळलं.

"कधी ठरवलंत?"

ते समोरच्या काचेकडे बघत होते. "राहायचंच म्हणत होतो गो, देवाशप्पथ. समुद्र सोडून जमिनीवर मला झोप येत नाही, तुला ठाऊक आहे. तरी राहणार होतो. हे सगळं तुझ्या गळ्यात टाकून जाऊ कसा? मग परवा तू म्हणालीस, मागचाही काढू. तेव्हा वाटलं, हिचं माझ्यावाचून अडायचं नाही."

शिव्या तोंडात आल्या त्या सगळ्या घातल्या मी त्यांना. बागेतले गडी तोंड फिरवून उभे राहिले. हे ऐकून घेत होते. मग मी पुढून वळसा घालून चालकाच्या जागी बसले.

"रागात क्लच सोडू नकोस," ते म्हणाले.

सोडला. गाडी बंद पडली. परत चालू केली, आणि डोळे पुसत, त्यांना बोल लावत, एकेक दगड चुकवत ती भरलेली गाडी मी खाली आणली. एखादी पेटी पडली असती तर ते कदाचित राहिले असते. एकही पडली नाही.