उचगावची सिस्टर आणि एक सुई

तो तपास आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक इंजेक्शन होतं, आणि एका मुलीची परदेशातली नोकरी त्यावर टांगली होती.

मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. उचगाव आमच्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. एका दुपारी सरकारी दवाखान्यातून एमएलसी आली, म्हणजे पोलिसांना कळवावंच लागतं अशा रुग्णाची खबर. उचगावचे एक साठीचे गृहस्थ इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊन बेशुद्ध, जबाब देण्याच्या स्थितीत नाहीत. मागोमाग एक निनावी फोन. "सायेब, ती फॉरेनची सिस्टर घरात सुया टोचती. बघा की जरा." आणि ठेवला. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली, मी गाडी काढायला लावली. निनावी फोन करणारा बहुधा खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही बोलत नाही, हा माझा अनुभव.

सिस्टर तिशीतली. आयर्लंडमध्ये नर्स होती आणि सुट्टीवर घरी आली होती. वडील गेलेले. घरी आई, दोन म्हशी आणि दुधाचा रतीब. आईला सारी गल्ली आक्का म्हणायची. परदेशी जाण्याआधी ही मुलगी गल्लीतल्या सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची, फुकट. आमच्या भागात सुई टोचल्याशिवाय माणसाला बरं वाटतच नाही, गोळीवर कुणाचा विश्वास नाही.

मी शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला बसलो. सगळे भरभरून बोलले. "लई गुणाची पोरगी. कुणाला न्हाय म्हणत न्हाय." "हात कसला हलका हाय तिचा, कळत सुदीक न्हाय." शेजारची एक बाई तर ठासून म्हणाली, "तिनंच दिली की सुई! दुसरं कोण देणार?" बिचाऱ्यांना वाटत होतं आपण पोरीची बाजू घेतोय. प्रत्येक चांगला शब्द तिला आणखी खोल ढकलत होता, आणि मी ते मुकाट्याने लिहून घेत होतो.

ठाण्यात महिला अंमलदारासमोर तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "काका इंजेक्शन मेडिकलमधनं घेऊन आले होते. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. मी नाही म्हटलं, डॉक्टरकडं जा म्हटलं. मग मी गडमुडशिंगीला मावशीकडं गेले."

"आधी तर सगळ्यांना देत होतीस."

"चुकत होते, सर. इथं राज्याच्या नर्सिंग परिषदेत एकदा नाव लागलं की गल्लीत कोण विचारतंय? तिकडं दरवर्षी नोंदणी टिकवावी लागते. माझी मैत्रीण दुबईला आहे, तिला तिथलं वेगळं लायसन्स काढावं लागलं. उद्या मी इंग्लंडला जायचं म्हटलं तरी तिथं पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. आयर्लंडमध्ये काही नर्सना जादा शिक्षण घेऊन औषध लिहून द्यायची परवानगी असते. मी त्यातली नाही."

"पण तू आत्ता उचगावात आहेस की!"

"माझ्यावर गुन्हा जगात कुठंही लागला तरी तिथं मला स्वतःहून कळवावं लागतं, सर. लपवलं तर तो वेगळा दोष धरतात. मग नोंदणी गेली, नोकरी गेली, घराचं सगळं गेलं."

मला ते ऐकून थोडं हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. आमच्याकडे पांढरा डगला घातलेल्या कुणालाही लोक हात पुढे करतात, आणि ही मुलगी आईच्या अंगणातसुद्धा आयर्लंडचे नियम पाळत होती.

"बरं. मग दिलं कुणी?"

तिने नजर भिंतीकडे वळवली. मी वैतागलो. "हे बघ पोरी, घरात तुम्ही दोघीच. तू नाही म्हणतेस तर आईला बोलावतो."

"मीच दिलं," ती पटकन म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. हो म्हणून नंतर नाही म्हणणारे मी ढिगाने बघितले होते. नाही म्हणून एका श्वासात हो म्हणणारं माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतं.

"कुठं दिलंस?"

"कमरेत."

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, सुई डाव्या दंडात टोचलीय, तिथं सूज आहे. तिला ते ठाऊकच नव्हतं. मी आक्काला आत घ्यायला सांगितलं. ती आधीच बाहेर बाकावर येऊन बसली होती, कुणी न बोलावता.

"पोरगीला कशाला बशिवलंय?" ती आत येता येताच म्हणाली. "मी दिली सुई. पोरगी न्हाय म्हणाली, तर भाऊजी तोंड पाडून माघारी निघालं. आमच्या दारातनं आजवर कोण असं गेलं न्हाय, सायेब. मला कसंतरीच झालं. ती मुडशिंगीला गेल्यावर मी हाक मारून बोलावलं. तिला टोचताना काय कमी बघितलंय मी? म्हणलं, त्यात काय एवढं."

"त्यात काय एवढं? आक्का, माणूस मेला असता!" मी ओरडलोच.

"व्हय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मुलगी उठून उभी राहिली. "सर, माझंच नाव लिहा. तिला कोर्टकचेरी झेपणार नाही."

"खोटा जबाब लिहायला मला सरकार पगार देत नाही," मी म्हटलं. मग आक्काचा जबाब लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ शुद्धीवर आले. त्यांनीही तेच सांगितलं. "पोरगीचा काय संबंध न्हाय. आक्कानं बोलावलं, मी हात पुढं केला." मी शेजाऱ्यांना पुन्हा बोलावून एकच विचारलं, डोळ्यांनी बघितलं का? एकानेही बघितलं नव्हतं. गुन्हा आक्कावर दाखल झाला. अटक न करता नोटीस दिली. आईविरुद्धच्या जबाबावर सही करण्याआधी त्या मुलीने तो दोनदा वाचला.

जाण्याआधी तिने सगळी हकिकत तिकडच्या नोंदणी कार्यालयाला कळवली. मी म्हटलं, तू साक्षीदार आहेस, आरोपी नाहीस, कशाला कळवतेस? म्हणाली, "सांगून मोकळं झालेलं बरं." त्यांनी काही कारवाई केली नाही. ती परत रुजू झाली.

या तपासानं मला दोन गोष्टी शिकवल्या. वाईट बोलणाऱ्या साक्षीदाराला आपण दहा प्रश्न विचारतो, चांगलं बोलणाऱ्याला एकही नाही. तिथंच घात होतो. आणि दुसरं, नाही म्हणणं हेसुद्धा नर्सच्या कामातच येतं. इतर देशांनी ते नियमात बसवलंय. आपण नाही म्हणणाऱ्याला माजोरी म्हणतो.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण कोर्टात गेलो. मुलगी आयर्लंडमध्ये होती. आक्का एकटीच आली होती, इस्त्रीचं लुगडं नेसून. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? म्हणाली, हाय. दंड झाला. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारल्यावर ती कठड्याला धरून पुढे सरकली.

"पोरगी न्हाय म्हणाली हुती, सायेब," ती म्हणाली. "तेवढं लिवून घ्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.