शनिवारचा मोकळा रस्ता

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. हा साधा मोटार अपघात मात्र जसाच्या तसा राहिला आहे. नावं कुणाचीच घेत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा नाशिकला फौजदार होतो आणि सातपूरची औद्योगिक वसाहत आमच्या हद्दीत होती. शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला फोन आला. वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर एका मोठ्या गाडीनं सायकलवाल्याला उडवलं होतं आणि गाडी थांबली नव्हती. आम्ही पोहोचलो तोवर जखमीला टेम्पोत घालून सिव्हिलला नेलं होतं. रस्त्यावर वाकलेली सायकल, जेवणाचा रिकामा डबा आणि एक चप्पल एवढंच उरलं होतं. माणूस मूळचा पेठ तालुक्यातला, फाउंड्रीत कामाला. शिफ्ट सुटून घरी निघाला होता.

पंचनामा आटोपून ठाण्यात परतलो, तर आरोपी आधीच हजर. शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्याचा पगारी ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. गाडी काळी, काचाही काळ्या, आणि इंजिन असं की नुसतं सुरू केलं तरी आमच्या टेबलावरचे ग्लास वाजले. "गाडी मीच चालवत होतो साहेब. घाबरून पळालो," तो म्हणाला. मी जबाब घेतला. रस्ता कसा होता, विचारलं. "मोकळा होता साहेब. एमआयडीसीला सुट्टी ना. हा एकदम आडवा आला." मी लिहून घेतलं, त्यानं सही केली. आरोपी हजर, गाडी जप्त, गुन्हा जामिनाचा. अशी केस मिळाली की पोलीस हात धुऊन मोकळा होतो. मीही झालो. चूक माझ्यापासूनच सुरू होते, म्हणून हे सांगतो आहे.

तिसऱ्या दिवशी सायकलवाला गेला. कलम ३०४ अ, म्हणजे हयगयीनं मृत्यू, लागलं. त्याची बायको ठाण्यात आली, बाकावर बसली आणि तिनं एकच विचारलं, "गाडी कोन चालवत होता, साहेब? मला त्याला बघायचंय." मी म्हटलं, ड्रायव्हर होता, त्याच्यावर खटला चालेल.  मग ती म्हणाली, "त्यानं ब्रेक का नाय दाबला?"

त्याच संध्याकाळी आमच्या हवालदारांनी एका माणसाला चहाच्या निमित्तानं बाहेर गाठलं. तो जवळच्या कारखान्याचा वॉचमन. साक्षीला येणार नाही, मालकाची आणि त्या शेठची ओळख आहे, नोकरी जाईल, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. मग म्हणाला, "ड्रायव्हर गाडीत नव्हताच. शेठनं माझ्या गेटसमोर सीट बदलली. त्यांचं पोरगं स्टिअरिंगवर बसलं. तीनदा बंद पडली गाडी, धक्के खात चालली. ड्रायव्हरच्या हातात गाडी अशी चालते व्हय?"

मी कागद पुन्हा काढले. जबाबातली ती सुट्टी वाचली आणि स्वतःचाच राग आला. विजेच्या नियोजनामुळे सातपूरच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसे, शनिवारी असे. त्या दिवशी आतले रस्ते ओस पडत आणि शहरातली माणसं गाडी शिकायला तिथं येत. पण त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी मंगळवारी वीज बंद होती. म्हणून सुट्टी मंगळवारी दिली आणि शनिवारी काम चालू ठेवलं. सातपूरच्या घराघरात हे माहीत होतं, कारण डबा करायचा असतो. बंगल्यात राहणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं. आणि मी? सुटलेल्या शिफ्टच्या माणसाचा पंचनामा करून आलो होतो आणि तासाभरात 'सुट्टी होती' असं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं.

ड्रायव्हर मात्र सातपूर गावातच राहत होता.

त्याला बोलावलं. दमदाटी केली नाही. एक तर माझा तो स्वभाव नव्हता, आणि त्या आठवड्यात अंगात तेवढी ताकदही नव्हती. चहा मागवला, घरची चौकशी केली.

"घरात कोण कोण?"

"आई, बायको, मुलगी. आणि धाकटा भाऊ."

"भाऊ काय करतो?"

"लेथवर आहे साहेब, इथंच वर्कशॉपला."

"शनिवारी कुठं होता?"

"पहिल्या शिफ्टला..." म्हणाला आणि थांबला.

"सुट्टीच्या दिवशी?"

त्यानं कप खाली ठेवला. "मंगळवारी बंद होतं साहेब. शनिवारी चालू होतं."

"मग जबाबात सुट्टी कशी आली?"

"शेठ म्हणाले, असं सांग."

मग तो रडायला लागला. दहा वर्षं मीठ खाल्लं होतं त्यानं त्या घरचं. पोराचं आयुष्य खराब होईल, तू दोन दिवसांत जामिनावर सुटशील, असं त्याला सांगितलं होतं. "तेव्हा फक्त पाय मोडलाय म्हणाले होते हो. माणूस जाईल असं कुठं ठाऊक होतं? आता मी आत गेलो तर लायसन जाईल. मला दुसरं काय येतं?"

शेठला बोलावलं. त्यांनी आधी आवाज चढवला, मग ओळखी सांगितल्या, शेवटी खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "साहेब, शिकणार कधी मग? पोहायला शिकवायचं तर पाण्यात टाकावंच लागतं. हात चांगला बसला होता त्याचा." पाण्यात पोरगा एकटाच बुडतो, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. ठाण्यात मी नुसता लिहीत होतो.

मुलगा पंधरा वर्षांचा. मिशी नुकती फुटत होती. बाप शेजारीच बसला होता, पण पोरगा त्याच्याकडे बघत नव्हता. मी विचारलं, "माणसं दिसली नव्हती का तुला?"

"दिसली होती. भोंगा झाला आणि एकदम सायकली आल्या. मी पप्पांना विचारलं, थांबवू का? ते म्हणाले, हॉर्न दे, होतील बाजूला."

"मग?"

"मी हॉर्न दिला. देतच राहिलो."

 मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मुलाला बाल न्यायालयात हजर केलं. बापावर विनापरवाना मुलाच्या हाती गाडी दिल्याचा आणि खोटी माहिती पुरवल्याचा गुन्हा लागला. ड्रायव्हर साक्षीदार झाला. त्याची नोकरी गेली, लायसन वाचलं. पुढं तो भाजीचा टेम्पो चालवायचा. खटला रेंगाळला. माझी मनमाडला बदली झाली, तिथून मी तारखांना येत राहिलो. निकाल लागला तेव्हा मुलाला रीतसर लायसन मिळून बरीच वर्षं झाली होती.

त्या बाईला मी मुलगा दाखवला नाही, कायद्यात ते बसत नव्हतं. चालवणारा लहान होता, एवढं सांगितलं. तिनं 'केवढा?' विचारलं, मी वय सांगितलं, ती "अरे देवा" म्हणाली आणि उठून गेली. ब्रेकचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. त्याचं उत्तर तोवर माझ्याकडे होतं, पण ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिच्या नवऱ्याला बाजूला हो म्हणून सांगितलं होतं आणि तो वेळेत झाला नाही, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

या केसनं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. हल्ली सकाळी फिरायला जातो. मागून एखादी मोठी गाडी हॉर्न देत येते, मी मुकाट्यानं कडेला होतो. स्टिअरिंगवर कोण आहे ते मी बघत नाही. शेजारच्या सीटवर कोण बसलंय, ते बघतो.