गोड पाण्याची विहीर

धाड गावाजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून प्यायला यायचे. दादाला त्याचा अभिमान. विहिरीला लागून मक्याचं वावर, वरच्या अंगाला उकिरडा. दर हंगामात युरियाच्या गोण्या रिकाम्या व्हायच्या; ते सगळं झिरपून कुठं जातं, हे घरात कुणाच्या मनात आलं नाही.

वहिनीला मुलगी झाली आणि पाठोपाठ वहिनी तापाने पडली. अंगावरचं दूध आटलं, म्हणून डब्याची पावडर सुरू केली. पाणी उकळून घ्या, असं आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी बजावलं होतं. वहिनी मुळातच काटेकोर. पातेल्यातलं पाणी निम्मं आटेपर्यंत ती उकळायची. मी तेव्हा मदतीला माहेरी आले होते. तिचं मला कौतुक वाटायचं.

बाळ हळूहळू सुस्त झालं. ओठ काळपट दिसू लागले. थंडी बाधली असेल म्हणून आम्ही शेक दिला. एका सकाळी नखंही निळी दिसली, तेव्हा दादाने जीप बोलावली आणि आम्ही बुलढाणा गाठलं.

डॉक्टरांनी बाळाला ऑक्सिजन लावला आणि पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं. उकळल्याने जंतू मरतात, पण खताचा अंश जात नाही, उलट पाणी आटलं की तो दाट होतो आणि तान्ह्या बाळाचं रक्त त्याने बिघडतं, असं त्यांनी समजावलं.

 वहिनी म्हणाली, "म्हणजे म्या कमी उकळलं असतं, तं तिच्या पोटात कमी गेलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाले हे कोणी सांगितलंच नव्हतं, बाई."

बाळ वाचलं. ती पोर आता शाळेत जाते, चांगली दणकट आहे. पण घरी आल्यावर वहिनीने तिला स्वतःच्या हाताने बाटली कधी दिली नाही. विकतच्या शुद्ध पाण्यात दूध कालवायचं काम माझ्याकडे, मी सासरी गेल्यावर दादाकडे आलं. आम्ही समजावून थकलो.

मागच्या वर्षी शेजारच्या मळ्यातली सून बाळंत झाली. तिलाही दूध कमी होतं. वहिनी तिच्यासाठी तसल्याच विकतच्या पाण्याचा जार घेऊन गेली. ही आपल्या विहिरीला नावं ठेवते, असं वाटून सासूने तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा गेली आणि त्यांच्या ओसरीवर बसून तिने आपल्या लेकीचं सगळं सांगितलं. आमच्याशीही ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती. सासूने जार ठेवून घेतला. वहिनी घरी आली आणि न जेवताच झोपली.